पुण्याहून आलेलं स्थळ

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन गावांना कुणी बघायला म्हणून जात नाही. लोक तिथे राहायला जातात, आणि भाडं वाढलं की एक स्टेशन पुढे सरकतात. मीही बघायला गेले नव्हते. एका बाईला शोधायला गेले होते. ती अशीच एकेक स्टेशन पुढे सरकलेली, त्यामुळे तिच्या मागोमाग मलाही सगळं बघावं लागलं.

आधी माझं काम सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत मी बरीच वर्षं मेणाच्या वड्या सांभाळते. स्तनाच्या कर्करोगाची गाठ शस्त्रक्रियेत काढली की तिचे लहान तुकडे मेणात बसवतात. काड्यापेटीहून लहान वडी होते, आणि ती वर्षानुवर्षं टिकते. आमच्याकडे अशा वड्यांची कपाटं भरलेली आहेत. त्यांतून अगदी पातळ काप काढायचे, काचेवर घ्यायचे, रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. माझ्या घरचे लोक इतकी वर्षं मला शाळेत शिपाई असल्यासारखं "कपाटं बघते" म्हणतात. मी आता दुरुस्त करायचं सोडलं आहे.

स्तनाचा कर्करोग हा एकच आजार नाही. एका आडनावाची पण वेगवेगळ्या स्वभावाची भावंडं असावीत तसे त्याचे प्रकार असतात. काही गाठींच्या पेशींमध्ये बाईच्या शरीरातलं संप्रेरक येऊन बसण्याची जागा असते, आणि ते बसलं की पेशी वाढायला लागते. अशा पेशी रंगवल्यावर तपकिरी दिसतात. तपकिरी दिसल्या तर रोज एक गोळी काही वर्षं घ्यायची. ती गोळी ती जागा अडवून धरते आणि गाठ परत येण्याची शक्यता बरीच कमी होते. तपकिरी दिसल्या नाहीत तर त्या गोळीचा उपयोग नाही, म्हणून देत नाहीत.

वनिताच्या जुन्या अहवालात 'नाही' लिहिलं होतं. जुन्या वड्या पुन्हा तपासायच्या आमच्या अभ्यासात तिची दुसरी वडी आली. मी काप रंगवला तर तपकिरी. परत रंगवला, परत तपकिरी. आमच्या मॅडमनी बाहेरूनही तपासून घेतलं. म्हणजे जी गोळी तिला मिळायला हवी होती ती मिळालीच नव्हती. अजूनही सुरू केली तर फायदा होण्यासारखा होता, पण तिला सांगणार कसं? फोन बंद, पत्र परत आलेलं, आणि शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर निवृत्त होऊन मुलाकडे परदेशी गेलेले. त्यात अभ्यासात येताना तिने बजावून ठेवलं होतं, की काही कळलं तर मला जरूर सांगा, पण माझ्याखेरीज कुणालाही सांगू नका.

"सुलभाताई, तुम्ही जा," मॅडम म्हणाल्या. "तुमच्याकडे बघून कुणाला काही संशय येत नाही."

हे कौतुक होतं का, यावर मी अजून विचार करते आहे. इथली नावं मी बदलली आहेत. बाकीचं लिहायला वनिताची परवानगी आहे, फक्त तिचे पोहे चांगले झाले होते हे लिहायचं अशी तिची अट आहे. पोहे चांगले झाले होते.

उल्हासनगर

तुळशीची लग्नं नुकतीच आटोपली होती. म्हणजे माणसांच्या लग्नांचा हंगाम सुरू झाला होता, आणि हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. आलं नाही.

उल्हासनगरात पत्ता कॅम्पवरून सांगतात. फाळणीनंतर सिंधी कुटुंबांना इथल्या लष्करी छावणीत वसवलं, त्या छावण्यांचे आकडे अजून चालू आहेत. मला कॅम्प चार हवा होता. पुण्यात पत्ता विचारला तर आधी तुमचा प्रश्न चुकीचा कसा ते समजावतात. इथे रिक्षावाला, पानवाला आणि पिशव्या घेऊन चाललेली एक बाई अशा तिघांनी मला तीन दिशांना पाठवलं, पण तिघांनीही अगदी मनापासून. शेवटी सापडलेल्या इमारतीच्या तळमजल्यावर किशनभाईंचं दुकान होतं. ब्लाउजपीस, अस्तरं, साडीला फॉल-पिको. वनिता वरच्या मजल्यावर भाड्याने राहायची आणि त्यांच्या साड्यांना फॉल लावून द्यायची.

किशनभाईंनी आधी मला बसवलं आणि भाजलेला पापड आणि पाणी पुढे ठेवलं. आमच्या कोल्हापूरकडे पाहुण्याला गूळ-पाणी देतात. सिंध्यांकडे पापड-पाणी देतात हे मला ठाऊक नव्हतं, त्यामुळे पापड हातात धरून मी जेवण कुठे आहे ते शोधत राहिले.

"वर वनिताताई राहायच्या ना?" मी विचारलं.

"क्यों पूछ रहे हो?" त्यांनी कात्री खाली ठेवली नाही.

"काही नाही, जरा चौकशी होती. पुण्याहून आले मी."

किशनभाईंचा चेहरा एकदम उजळला. कात्री खाली गेली. "अरे साईं, पहले बोलना था ना," असं म्हणून त्यांनी समोरच्या गाडीवाल्याला हात केला आणि माझ्यापुढे दाल-पकवान आलं. पकवान म्हणजे कडक तळलेली मोठी पुरी, वर चण्याची डाळ, कांदा, चटणी. मी पहिला घास घेतला आणि तेवढ्यात त्यांनी विचारलं, "लडका पूना में ही है?"

माझा भाचा केदार पुण्यात आहे. तोंडात पकवान होतं. मी मान हलवली. या एका हलवलेल्या मानेने पुढचं सगळं झालं.

"लडकी तो हीरा है," किशनभाई म्हणाले. "बीकॉम किया, ठाणे में नौकरी करती है. बडों के सामने आवाज नहीं."

"मुलीचं नाही," मी घास गिळून म्हटलं. "आईबद्दल विचारायचं होतं. तब्येत कशी असते त्यांची?"

"सही बात है. आजकल सब फॅमिली का हेल्थ पहले पूछते हैं." ते पुढे सरकून बसले. "वनिताभाभी एकदम फस्ट क्लास. इतने साल ऊपर रही, हमने एक छींक नहीं सुनी. हाँ, नारियल पानी का बडा शौक था. रोज मैं ही भिजवाता था. वो टाइम में तो कुछ खाया ही नहीं जाता था बेचारी से..." इथे ते थांबले. त्यांनी गल्ल्याकडे बघितलं, पंख्याकडे बघितलं. "शौक था," ते म्हणाले.

मला तारखा माहीत होत्या. याच घरात राहून तिने कर्करोगाची औषधं घेतली होती, केस गेले होते, अन्न जात नव्हतं. आणि हा माणूस माझ्या डोळ्यांत बघून सांगत होता की तिने कधी शिंकसुद्धा दिली नाही. मला राग यायला हवा होता. मी डाळ आणखी मागून घेतली.

अंबरनाथला गेली, असं म्हणून त्यांनी तिथल्या इमारतीचं नाव सांगितलं. निघताना म्हणाले, "मिठाई खिलाने जरूर आना." रिक्षात बसल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला.

लग्न ठरवण्याआधी मुलीच्या शेजारीपाजारी गुपचूप चौकशी करायची आपली जुनी रीत आहे. खरं कारण सांगायचं नाही, इकडचंतिकडचं बोलायचं, आणि मधेच घरच्यांच्या तब्येतीचं विचारायचं. मी तंतोतंत तेच केलं होतं. माझ्या तरुणपणी अशाच एका चौकशीत आमच्या शेजारणीने "वाचते फार" एवढं खरं सांगून टाकलं, आणि ते स्थळ परत आलंच नाही. मी आजही त्या बाईची आभारी आहे. पण आता पंचाईत अशी, की मी स्थळ घेऊन आलेली नाही असं म्हटलं तर मग कशाला आले ते सांगावं लागणार, आणि ते तर एकटीलाच सांगायचं होतं.

अंबरनाथ

मुक्काम माझ्या मामेबहिणीकडे होता. मंदा मूळची कोल्हापूरची, पण अंबरनाथला इतकी वर्षं काढून तिच्या हाताला आता कोकण लागलं आहे. तांबड्या रश्शाच्या आशेने मी पानावर बसले तर समोर बोंबील आले. कुरकुरीत, रव्यात तळलेले. मी रश्शाचं नाव काढलं नाही. तिचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, एका केमिकल कंपनीतून रिटायर झाले आहेत. हवेत कसला वास आला तर कोणत्या प्लॉटमधून आला ते नाक वर करून सांगतात. त्यांनी मला हजार वर्षांचं शिवमंदिर हौसेने दाखवलं. इतकं बारीक कोरीवकाम मी सूक्ष्मदर्शकाबाहेर पाहिलेलं नाही. भाऊजींचं लक्ष मात्र वाऱ्याकडे होतं.

"कुणासाठी बघतेयस?" दाल-पकवान आणि बीकॉम झालेली मुलगी एवढं माझ्या तोंडून ऐकून मंदाने विचारलं.

"कामासाठी आलेय गं, संस्थेच्या."

"संस्थेच्या कामाला लग्नाच्या वयाच्या मुलीचं घर कशाला लागतं? केदारसाठी ना? मला सांगायचं नसेल तर नको सांगूस." असं म्हणून ती उठली आणि दुसऱ्या दिवशी नेसायची साडी काढून ठेवली.

मी एकटी जाते म्हणून परोपरीने सांगितलं. काही उपयोग झाला नाही.

वनिताच्या अंबरनाथच्या इमारतीत, तिच्या समोरच्या दारी प्रधान काकू राहतात. निवृत्त शिक्षिका. त्यांनी दार उघडलं, आम्हा दोघींना आपादमस्तक न्याहाळलं आणि मी तोंड उघडायच्या आतच मंदाने बोलायला सुरुवात केली. केदारचं शिक्षण, नोकरी, उंची, स्वतःचा फ्लॅट, दारू पीत नाही. यातलं दारूचं तिला कसं माहीत, मलाही माहीत नव्हतं. काकूंनी मग उलटतपासणी घेतली. सासू-सासरे बरोबर राहणार का, पुण्यात पाणी किती वेळ येतं, मुलाला स्वयंपाक येतो का. केदारला मॅगी येते. मंदाने "सगळं येतं" असं सांगितलं.

माझी पाळी आली तेव्हा मी एवढंच विचारलं, "वनिताताईंची तब्येत?"

"उत्तम," काकू म्हणाल्या. "बीपी नाही, शुगर नाही, चष्मासुद्धा नाही. लिफ्ट बंद असली तरी सगळे जिने चढून यायची. आणि देवाधर्माचं किती. इथे राहायला आली तेव्हा तिचा नवस होता, रोज सकाळी रिक्षा करून दर्शनाला जायची. मी डबा भरून ठेवायचे तिचा. फार थकून यायची हो... म्हणजे, गर्दी असते ना देवळात."

"रोज?"

"रोज म्हणजे सोमवार ते शुक्रवार."

किरणोपचार सोमवार ते शुक्रवार असतात. कोणता देव शनिवार-रविवार सुट्टी घेतो, हे मी काकूंना विचारलं नाही. त्या माझ्याकडे अशा बघत होत्या, की विचारलं असतं तर त्यांनी तसा देवही काढून दाखवला असता. मंदा मात्र भारावून गेली. "धार्मिक आहे हं घर," ती जिना उतरताना म्हणाली.

बदलापूर, हेंद्रेपाडा

काकूंनी पत्ता दिला तो बदलापूर पश्चिमेचा, हेंद्रेपाड्यातला. स्टेशनच्या बाहेर माझ्या चपलेचा अंगठा तुटला. आमच्याकडे अशा वेळी चप्पल हातात घेऊन माणूस निमूट चालतो. बदलापुरात प्रत्येकाने थांबून सल्ला दिला, पण चांभार कुठे बसतो यावर एकमत झालं नाही. मी पाय ओढत इमारतीशी पोचले तर तळमजल्यावरच्या वहिनी गॅलरीत उभ्याच होत्या.

"पुण्याच्या ना तुम्ही?" त्या म्हणाल्या. "कवापासून वाट बघते. वनिताताई खरवईला गेल्या राहायला, नवीन फ्लॅट घेतला. पण आज जाऊ नका."

"का?"

"आज त्यांच्याकडे काहीच तयारी नाय. उद्या दुपारी बोलावलंय तुम्हाला. पोरगी पण हाफ डे टाकतेय."

म्हणजे ज्या बाईला संस्थेची पत्रं आणि फोन इतके महिने शोधू शकले नाहीत, तिच्यापर्यंत दाल-पकवान ते बोंबील एवढ्या वेळात बातमी पोचली होती. काकूंकडे तिचा नवा नंबर होताच, पत्ता मात्र जुनाच. मला कुणी दिला नाही, कारण लग्नाची बोलणी व्हायच्या आधी मुलाकडच्यांना नंबर देत नाहीत. मी म्हटलं, वहिनी, आत्ताच फोन लावून द्या, मला दोन मिनिटं बोलायचंय. त्या हसल्या. "असं फोनवर बरं दिसतं का?" वर माझा पाय बघून त्यांनी स्वतःची चप्पल दिली. गुलाबी, वर प्लॅस्टिकचं फूल.

परत येताना मला मुळीच हसू येत नव्हतं. तिकडे एक बाई घर आवरत असणार, पोहे भिजवायचे कधी याचा हिशेब करत असणार, आणि मी तिथे जाऊन काय सांगणार होते? मला वाईट वाटत होतं, आणि भीतीही. ती चिडून मला घराबाहेर काढेल आणि गोळीचं ऐकूनच घेणार नाही, ही भीती.

खरवई

मंदा आलीच. पेढेही आले. "पुरुष माणूस बरोबर लागतं," म्हणून इस्त्रीच्या शर्टात भाऊजीही आले.

खरवईला नव्या इमारती थेट भातखाचरांच्या कडेला उभ्या आहेत. एका बाजूला लिफ्ट, दुसऱ्या बाजूला कापून ठेवलेल्या भाताचे भारे. लांबवर डोंगरांची रांग आणि त्यात चंदेरी किल्ल्याचा सुळका. भाऊजींनी नाक वर केलं आणि इथे कसलाच वास येत नाही असं जाहीर केलं. त्यांना जरा चुकल्यासारखं वाटत होतं.

फाटकाशी गावातली एक म्हातारी गावठी भेंडी घेऊन बसली होती. तिनेही आम्हाला सोडलं नाही.

"वनिताकरं आल्याव? पोरीला बघाला?" ती म्हणाली. "बेस हाय पोर. आयस पन धडधाकट. माझ्या भाताला आलती कापनीला. डाव्या हातान ओझा नाय उचलीत, मी उचलूच देत नाय तिला." मग तिच्या काय ते लक्षात आलं. "डावखुरी नाय ना ती," तिने पुस्ती जोडली.

काखेतल्या गाठी काढल्यावर त्या हाताने जड उचलायचं नसतं, हे वनिताला दवाखान्यात सांगितलं असणार. ही म्हातारी मात्र ते पाळून घेत होती. मी तिची भेंडी घेतली.

दार वनितानेच उघडलं. मोरपंखी साडी, केसांत गजरा. या बाईच्या पेशी मी कित्येकदा बघितल्या होत्या, रंगवल्या होत्या, त्यांचे फोटो काढले होते. चेहरा पहिल्यांदाच बघत होते. माझे डोळे भरून आले. तिला वाटलं मी हळवी सासूबाई आहे, आणि ती जास्तच घाबरली.

तिचे यजमान अशोकराव खुर्चीच्या टोकावर बसले होते. मुलगी, ऋतुजा, ट्रे घेऊन आली. पोहे खरोखर चांगले झाले होते. मऊ, लिंबू पिळलेले, वर ओलं खोबरं. मंदाने मुलीला छंद विचारला. भाऊजींनी अशोकरावांना कंपनी विचारली, आणि दोघांची कंपनी एकाच रस्त्यावर निघाल्यावर ते जे सुरू झाले ते आमच्याकडे बघेनातच.

"वनिताताई, जरा आत येता?" मी म्हटलं. "स्वयंपाकघर बघायचं होतं."

आत गेल्यावर तिने दार लोटलं आणि ओट्याला टेकून उभी राहिली. मी काही बोलायच्या आत तीच बोलली.

"तुम्हाला कळलंय. कुणी सांगितलं?" तिने लोटलेल्या दाराकडे एकदा बघून घेतलं. "माझं सगळं होऊन गेलंय हो. कधीच होऊन गेलं. आमच्या घराण्यात दुसऱ्या कुणाला नाही. माझ्यामुळे पोरीला नाही म्हणू नका."

मी तिचा हात धरला आणि कुठून आले, कशासाठी आले ते सांगितलं. जुना अहवाल, दुसरी वडी, तपकिरी रंग, गोळी. ती ऐकत होती पण तिच्यापर्यंत पोचत नव्हतं.

"मग आधीचं तपासणं खोटं होतं?" तिने विचारलं.

"खोटं नाही. तुम्ही बाजारातून मासळी आणली आणि बर्फात टाकायला उशीर केला तर काय होतं?"

"सडते."

"तसंच. गाठ काढल्यावर लगेच औषधी पाण्यात नीट बुडवली नाही तर तिच्यातलं जे बघायचं ते नासून जातं. मग रंग चढत नाही आणि अहवालात 'नाही' येतं. तुमच्या गाठीचा एक तुकडा नीट टिकला होता. तो आमच्याकडे आला. मी डॉक्टर नाही, गोळी डॉक्टरच देतील, तुम्हाला तपासून. पण ती लवकर सुरू व्हायला हवी. गाठ परत येऊ नये म्हणून."

वनिताने गॅसचं बटण बंदच आहे ना ते वळवून बघितलं.

"म्हणजे मुलगा नाहीच?" ती म्हणाली.

"मुलगा आहे. पण त्याला यातलं काही माहीत नाही."

तिने पदराने कपाळ पुसलं. "घेते मी गोळी. ऋतुजाचं लग्न झालं की घेते."

"लग्न ठरलंय?"

"तुम्हीच तर आला होतात ठरवायला."

आणि मग तिने जे सांगितलं ते ऐकून माझं डोकं फिरलं. गोळी रोजची, म्हणजे पाकीट घरात दिसणार. मेडिकलवाला ओळखीचा. कॅन्सरचे डॉक्टर आठवड्यातून एकदा अंबरनाथच्या दवाखान्यात येतात, तिथे अर्धं बदलापूर बसलेलं असतं. कुणीतरी बघणार, बोलणार, आणि पोरीच्या चौकशीत ते निघणार. इतकी वर्षं तिने कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. नंबर बदलला तो त्यासाठीच, दवाखान्याचे फोन भलत्या वेळी भलत्या माणसांसमोर यायचे म्हणून. आता एकदोन वर्षांसाठी ते वाया घालवायचं नव्हतं.

"पत्ता लागू दिला नाहीत?" मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "अहो, किशनभाईंनी मला सांगितलं, तुम्ही कधी शिंकलासुद्धा नाहीत. आणि त्या वेळी तुम्हाला खाता येत नव्हतं म्हणून रोज शहाळं पाठवत होते, हेही त्यांच्या तोंडून निसटलं. प्रधान काकू म्हणाल्या, नवस होता. सोमवार ते शुक्रवार. खालची आजी म्हणते तुम्ही धडधाकट, आणि डावा हात लावू देत नाही तुम्हाला. कुणाला माहीत नाही म्हणता?"

"मी त्यांना कधीच सांगितलं नाही."

"माहिती आहे."

"मी स्कार्फ बांधून जायचे. म्हणायचे धूळ फार आहे."

"हो."

"काकूंना म्हणायचे, देवळात जाते. त्या म्हणायच्या, माझ्यासाठीही नमस्कार कर." ती तिथल्या स्टुलावर बसली. "एवढं खोटं बोलले माझ्यासाठी?"

"तोंड वर करून. मला खायला घालून घालून."

ती हसली, आणि हसता हसता रडायला लागली, आणि मग दोन्ही एकदम चालू राहिलं. मीही रडले. तेवढ्यात ऋतुजा रिकामा ट्रे घेऊन आत आली. आईचा आजार तिला माहीत होता, गोळीचं नव्हतं. वनिताने तिला तुटक तुटक सांगितलं. मुलगी ट्रे धरून उभी होती.

"दवाखाना कधी असतो?" तिने मला विचारलं.

"उद्याच आहे."

"मी उद्या फुल डे टाकते." मग जरा थांबून म्हणाली, "म्हणजे स्थळ नाहीये? मग मी साडी बदलू? पिना टोचतायत."

मी बाहेरच्यांना पत्रिकेचं काहीतरी सांगायचं ठरवत होते. पण वनिताच नाक पुसून माझ्या पुढे बाहेर गेली. बाहेर अशोकराव आणि भाऊजी हॉल बदलापूरला घ्यावा की पुण्याला इथवर आले होते.

"या स्थळ घेऊन आलेल्या नाहीत," वनिता म्हणाली. "माझ्या गाठीच्या तपासणीचं सांगायला आल्यात. मला कॅन्सर झाला होता. आता आणखी एक औषध निघालंय त्याच्यासाठी, ते सुरू करायचंय."

अशोकराव उठून बायकोजवळ जाऊन उभे राहिले. मंदाने माझ्याकडे असं बघितलं की या नजरेचा हिशेब मला पुढच्या काही दिवाळ्या देत राहावा लागणार आहे. भाऊजींच्या हातात अर्धा पेढा होता.

"मग हे पेढे..." ते म्हणाले.

"खा," मंदा म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ते लपवायला ती पदर नीट करत होती. "औषध मिळतंय ना बाईला? मग खा तुम्ही."

पुन्हा अंबरनाथ

दवाखान्यात खरोखरच अर्धं बदलापूर होतं. मी अहवाल आणि काचा घेऊन गेले होते. वनिता स्कार्फ न बांधता आली होती, आणि पहिला अर्धा तास कुणी ओळखीचं दिसलं की मान खाली घालत होती. शेवटी मान दुखली म्हणाली आणि सरळ बसली. ऋतुजा केसपेपर काढायला खिडकीशी गेली.

शेजारी एक बाई होती, डोंबिवलीची. औषधं चालू असावीत, भुवयासुद्धा गेलेल्या. तिने वनिताकडे वळून विचारलं, "तुमचं काय?"

वनिताने क्षणभर माझ्याकडे बघितलं. "स्तनाचा कॅन्सर होता," ती म्हणाली. "आता गोळीसाठी आले."

"माझंही तेच." बाईने मान हलवली. मग खिडकीकडे बघत म्हणाली, "ती निळ्या ड्रेसमधली मुलगी तुमची? काय करते?"

"ठाण्याला नोकरीला आहे. बीकॉम."

"माझा मुलगा बँकेत आहे. मला आज त्यानेच सोडलं. साधा आहे हो, पण बोलत नाही फार."

वनिता ताठ बसली. पिशवी मांडीवरून बाजूला ठेवली. "पत्रिका बघता तुम्ही?"

"कसली पत्रिका," बाई म्हणाली. "आपल्या दोघींचे रिपोर्ट बघून झाले, आता आणखी काय बघायचं."

पुढे मुलाचं शिक्षण, बदलीची नोकरी आहे का, घर स्वतःचं का, असं चालू झालं. आतून वनिताचं नाव पुकारलं. तिला ऐकू गेलं नाही. दुसऱ्यांदा पुकारलं तेव्हा ती पगार विचारत होती. मी तिला दंडाला धरून उठवलं, हातात अहवाल दिले आणि दाराकडे ढकललं. दारात पोचल्यावर ती मागे वळली.

"जाऊ नका हं कुठे," ती त्या बाईला म्हणाली. "मी आलेच."